तेलरोधक, भुजादंडाचा मागील

अंतर्ज्वलन-एंजिनातील वंगण तेल भुजादंडाच्या मागील टोकावाटे बाहेर पडू नये, यासाठी दंड व एंजिनाचे कवच यांमधील फटीत बसविलेले कडे. मोटार-दुरुस्तीच्या व्यवसायात ते ‘क्रँकचे मागचे ऑइल सील’ या नावाने ओळखले जाते. मोटारगाडीच्या हजारो भागांत ते अगदी स्वस्त भागांपैकी एक होय. परंतु एंजिन व दंतचक्रपेटी यांच्या सांध्यात ते दडलेले असल्यामुळे ते बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत दंतचक्रपेटी, क्लच व प्रचक्र एवढे सर्व उतरवावे लागते. भागाची किंमत अल्प आणि मजुरी मोठी, ही विषमता या कड्याच्या संपूर्ण इतिहासात दिसून येते. गेल्या शंभर वर्षांत त्याच्या रचनेत जे बदल झाले, त्यांचा मथितार्थ असा की, गळती थांबविण्यासाठी लागणारी अचूकता दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातून हळूहळू कारखान्यातील यंत्राकडे गेली. आधी वाहन-दुरुस्तीचे आणि नंतर वाहन-निर्मितीचे केंद्र बनलेल्या नासिक जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा बदल चांगला समजतो.

स्थान व कार्य : दट्ट्याची वरखाली होणारी गती भुजादंडामुळे वर्तुळाकार गतीत बदलते. भुजादंड मुख्य धारव्यांवर फिरतो व या धारव्यांना पंपाने दाबाखाली तेल पुरविले जाते. धारव्याच्या कडांतून निसटणारे तेल खाली तळपात्रात, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘चेंबर’मध्ये, परत जाते. भुजादंडाचे मागील टोक मात्र कवचाबाहेर येते. त्यावर प्रचक्र जखडलेले असते आणि प्रचक्राच्या पृष्ठभागावर क्लचची तबकडी दाबून धरलेली असते. या टोकाभोवतीच्या फटीतून तेल बाहेर आले, तर ते प्रचक्राच्या गतीने क्लचघरात सर्वत्र फेकले जाते. तबकडीचे घर्षणास्तर तेलाने भिजले म्हणजे क्लच घसरू लागतो व एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. सपाट रस्त्यावर हा दोष काही काळ लक्षात येत नाही. भरलेल्या गाडीने घाट चढताना मात्र तो ताबडतोब प्रकट होतो.

तेलरोधकाचे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ८० मिमी. व्यासाचा दंड मिनिटास ४,००० फेरे या गतीने फिरत असल्यास त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदास सुमारे १७ मी. होतो. दंडाशी घट्ट चिकटणारा रोधक घर्षणाने जळतो, तर सैल रोधक गळतो. शिवाय दंड धारव्यातील मोकळीकीइतका सूक्ष्म प्रमाणात हलतो, एंजिन गरम व थंड होते आणि तेलात काजळी व आम्लद्रव्ये मिसळतात. या सर्व परिस्थितीत फट बंद ठेवावी लागते. दर दहा सेकंदांस एक थेंब एवढी गळती क्षुल्लक वाटते. पण एका तासात ३६० थेंब, म्हणजे ढोबळमानाने १८ घ. सेंमी. तेल जाते. दिवसाला दहा तास चालणाऱ्या गाडीचे याच दराने आठवड्यात एक लिटरहून अधिक तेल वाया जाते. तेलाची पातळी वेळेवर पाहिली नाही, तर धारवे कोरडे पडून एंजिनच निकामी होण्याचा संभव असतो.

प्रारंभीच्या योजना : आरंभीच्या मोटारगाड्यांत या जागी स्वतंत्र रोधकाची निकड नव्हती. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत एंजिन, प्रचक्र व गतिबदल यंत्रणा यांना एकच तेल पुरत असे. प्रचक्र स्वतःच तेलात फिरून ते वर उडवीत असे. क्लचच तेलात बुडालेला असल्याने तेथे तेल पोहोचण्याची भीती नव्हती. पुढे कोरड्या तबकडीचा क्लच रूढ झाला आणि वंगणासाठी दाबाखाली तेल पुरविण्याची पद्धत सर्वसाधारण झाली, तेव्हा एका बाजूस भरपूर तेल आणि दुसऱ्या बाजूस पूर्ण कोरडेपणा अशी सीमारेषा भुजादंडाच्या मागील टोकावर निर्माण झाली.

या सीमारेषेवर प्रथम कोणताही स्पर्श नसलेल्या योजना वापरण्यात आल्या. दंडावर एक उंच कडा ठेवीत. तिच्यावर आलेले तेल केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकले जाऊन एका पन्हळीत पडे व तेथून तळपात्रात परत जाई. तिच्यामागे दंडावर मळसूत्रासारखी खोबण कापीत. दंड फिरू लागला म्हणजे ही खोबण तेलास मागे, एंजिनाच्या आत, ढकलीत असे. या योजनेत झिजणारा भाग नसल्याने ती टिकाऊ होती. पण तिचे कार्य दंड फिरत असेपर्यंतच चाले. गाडी उतारावर, मागील बाजू खाली करून उभी केल्यास तेल निर्वेधपणे पाझरे. तसेच दट्ट्याच्या कड्या झिजून एंजिनाच्या पेटीतील दाब वाढला की, ही खोबण निरुपयोगी ठरे. अनेक ब्रिटिश एंजिनांत ही योजना दीर्घकाळ टिकून होती आणि गाडी उभी केलेल्या जागी तेलाचा डाग पडणे हे त्या काळी दोषाचे लक्षण मानले जात नसे.

वेणीचा रोधक : यानंतरची पायरी म्हणजे दंडाला प्रत्यक्ष टेकणारा मऊ पदार्थ होय. नमदा व चामडे यांचा उपयोग आधीपासून होत होता. परंतु एंजिनाच्या उष्णतेत ते फार काळ टिकत नसत. म्हणून ॲस्बेस्टसच्या तंतूंची वेणी गुंफून, तीत ग्रॅफाइट भरून ती दोरी मागील धारव्याजवळच्या खोबणीत बसविण्यात येऊ लागली. खोबणीचा वरचा अर्धा भाग सिलिंडर ठोकळ्यात व खालचा अर्धा भाग धारव्याच्या टोपीत असे. दोरीचे दोन तुकडे या दोन अर्ध्या खोबणींत दाबून बसवीत.

या कामात सर्व अचूकता कारागिराच्या हातात होती. दोरी तेलात भिजवून घेणे, दंडाच्या मापाचा गोल दांडा किंवा गुळगुळीत नळी तिच्यावरून फिरवून ती खोबणीत सर्वत्र सारखी दाबणे, टोके धारदार पात्याने नेमकी कापणे व टोपी आवळताना दोरीचा एकही धागा सांध्यात अडकू न देणे ही त्यातील मुख्य पथ्ये होत. टोके अधिक लांब राहिल्यास टोपी नीट बसत नाही व धारव्याची मोकळीक बिघडते. आखूड राहिल्यास दोन तुकड्यांच्या जोडातून तेल येते. नवी दोरी बसविलेले एंजिन प्रथम जड फिरते. काही काळ चालल्यावर दोरी दंडाच्या आकारानुसार बसते व तिचा पृष्ठभाग तुकतुकीत होतो.

वरचा अर्धा तुकडा बदलण्यासाठी नियमाप्रमाणे भुजादंड खाली उतरवावा लागतो. म्हणजे संपूर्ण एंजिन उकलावे लागते. हा खर्च टाळण्यासाठी कारागिरांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. मळसूत्री टोकाची लवचिक तार जुन्या दोरीत घुसवून ती ओढून काढणे व त्याच मार्गाने नवी दोरी तारेच्या फासाने दंडावरून ओढून घेणे, किंवा जुनी दोरी तशीच ठेवून तिच्या दोन्ही टोकांना नव्या दोरीचे छोटे तुकडे ठासणे, असे हे उपाय होते. यांपैकी दुसरा उपाय तात्पुरताच ठरे. मात्र तळपात्र व टोपी एवढेच काढून गाडी लवकर रस्त्यावर आणता येत असल्याने तो सर्वत्र प्रचलित होता.

ओष्ठ-तेलरोधक : घडणीच्या दृष्टीने खरा बदल ओठासारखी पातळ कड असलेल्या रोधकाने घडवून आणला. चामड्याची कड धातूच्या कड्यात पक्की करून तिच्याभोवती वलयाकार स्प्रिंग बसविण्याची कल्पना १९३० च्या सुमारास जर्मनीत फ्रॉइडेनबेर्क या चर्मोद्योगातील कंपनीने प्रत्यक्षात आणली. ऑस्ट्रियन अभियंता व्हाल्टर झिमर यांच्या नावावरून त्या कड्याला ‘झिमररिंग’ हे नाव पडले. त्याच सुमारास नायट्राइल रबराचा शोध लागला. एरिख कोनराड व एडुआर्ट चुंकर यांनी १९३० मध्ये त्याची कृती सिद्ध केली होती. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते, परंतु नायट्राइल रबरावर तेलाचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे १९३० नंतरच्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागले.

रबरी ओठ दंडावर घासतो, म्हणून तेल थांबते, अशी सामान्य समजूत असे. प्रत्यक्षात ओठ व दंड यांमध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्या थरावरच ओठ तरंगतो. इंग्लंडमध्ये ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या गोष्टीकडे लक्ष वेधले. ओठाची तेलाकडील बाजू अधिक उभी व हवेकडील बाजू अधिक कललेली असते. या असमान कोनांमुळे दंड फिरताना थरातील तेल सूक्ष्म प्रमाणात पुन्हा आतील बाजूस ओढले जाते. म्हणूनच रोधक उलट्या तोंडाने बसविल्यास तो तेल अडविण्याऐवजी बाहेर काढतो. दंडाचा पृष्ठभागही महत्त्वाचा असतो. तो फार खडबडीत असल्यास ओठ कापला जातो व आरशासारखा गुळगुळीत असल्यास तेलाचा थर टिकत नाही. दंड घासून काढताना त्यावर मळसूत्रासारखे तिरपे ओरखडे राहिले, तर नवा रोधकही गळतो.

एंजिनांची उष्णता वाढत गेली, तशी रबराची जातही बदलली. सतत सुमारे १०० से. पेक्षा अधिक तापमानात नायट्राइल रबर हळूहळू कडक होऊन त्यास चिरा पडतात. म्हणून पॉलिॲक्रिलेट व सिलिकोन रबर आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेले फ्ल्युओरिनयुक्त रबर यांचा वापर सुरू झाला. फ्ल्युओरिनयुक्त रबर २०० से. च्या आसपास तापमान सहन करते. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये योगायोगाने सापडलेल्या पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन या प्लॅस्टिकचा ओठ असलेले, स्प्रिंग नसलेले रोधकही पुढे प्रचारात आले.

जीप व भारत : भारतीय कारागिरांचा या सर्व प्रकारांशी परिचय विशेषतः जीप गाडीमुळे झाला. दुसऱ्या महायुद्धात विलीस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीपगाड्या तयार केल्या व त्यांपैकी काही युद्धानंतर भारतात राहिल्या. महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ मध्ये झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिने आयात सुट्या भागांपासून विलीस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली व पुढे देशातच या गाड्यांचे उत्पादन होऊ लागले. युद्धकालीन जीपचे एंजिन चार सिलिंडरांचे, २,१९९ घ. सेंमी. घनफळाचे व ६० अश्वशक्तीचे होते. त्याच्या भुजादंडास तीन मुख्य धारवे असत. मागील धारव्याजवळ वेणीचा रोधक होता. पुढच्या ‘हरिकेन’ एंजिनात मूळ ठोकळा पुष्कळसा तोच राहिला. मात्र कालांतराने वेणीऐवजी धातूचा गाभा असलेला, दोन अर्धवर्तुळांचा रबरी रोधक वापरात आला.

दोन अर्धवर्तुळांचा हा रोधक जुन्या व नव्या पद्धतींमधील दुवा होय. भुजादंड न उतरविता, केवळ तळपात्र व मागील टोपी काढून, वरचा अर्धा भाग दंडाभोवती सरकवून बाहेर काढता येतो व नवा त्याच वाटेने आत सरकविता येतो. दोन्ही अर्धांचे सांधे टोपीच्या सांध्याच्या रेषेत न ठेवता किंचित पुढेमागे ठेवण्याचा प्रघात पुष्कळ कारागीर पाळतात. टोपीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांत रबराच्या कांड्या घालाव्या लागतात. त्या विसरल्यास रोधक नवा असूनही तेल बाजूने वाहते. अशा गळतीचा दोष बहुधा निष्कारण नव्या रोधकास दिला जातो.

नासिक जिल्हा : मुंबई–आग्रा मार्ग कसारा घाटाने, म्हणजेच थळ घाटाने, सह्याद्री चढून इगतपुरीवरून नासिकला येतो व पुढे पिंपळगाव (बसवंत), चांदवड, मालेगाव या मार्गाने धुळ्याकडे जातो. कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे ३०० मी. चा आहे. मुंबई बंदर व उत्तर भारत यांमधील मालवाहतुकीचा मोठा भाग या घाटाने होत असल्याने क्लच, रोधक व गतिरोधक यांच्या दोषांची खरी कसोटी येथे लागते. मार्गालगतच्या गावांत वाहन-दुरुस्तीचा व्यवसाय वाढण्यास ही भौगोलिक परिस्थिती अनुकूल ठरली.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली व त्यानंतर राज्यभर आगारांचे जाळे निर्माण झाले. मोठ्या वाहनताफ्यात एखादी गाडी एका कड्यासाठी अडकवून ठेवणे परवडत नाही. म्हणून क्लच किंवा दंतचक्रपेटी अन्य कारणासाठी उतरविली असता मागील रोधकही त्याच वेळी तपासून बदलणे, ही नियोजित देखभालीची पद्धत अशा ताफ्यांत उपयुक्त ठरते. खाजगी मालक मात्र थेंब पडू लागल्यावरही तेल वरचेवर भरून गाडी चालवीत राहतो. कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव यांसारख्या बाजारपेठांत माल नेणारी गाडी दोन दिवस उभी राहणे हे तिच्या मालकाला कड्याच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. त्यामुळे दुरुस्ती हंगामानंतर करण्याकडे कल असतो. तोपर्यंत क्लचची तबकडीही खराब झालेली असते व खर्च वाढतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर नासिकजवळ सातपूर व पुढे अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना स्थापन झाला. १९७० च्या सुमारास सातपूर येथे मोटार इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे ‘मायको’चा, डीझेल एंजिनाच्या इंधन-अंतःक्षेपणाचे भाग बनविणारा कारखाना सुरू झाला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूकता लागणारे काम त्यामुळे या परिसरात रुजले. सातपूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून कुशल कामगार मिळू लागले.

महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी ‘एक्सडीपी ४.९०’ या डीझेल एंजिनासाठी तांत्रिक सहकार्याचा करार केला. या नावातील ४ हा अंक सिलिंडरांची संख्या व ९० हा अंक सिलिंडरांचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो. एंजिनाचे घनफळ २,११२ घ. सेंमी. होते. १९८० नंतरच्या दशकात कंपनीचा इगतपुरी येथील एंजिन कारखाना व नासिक येथील वाहन कारखाना कार्यान्वित झाला. २००० मध्ये ‘बोलेरो’ व २००२ मध्ये ‘स्कॉर्पिओ’ या गाड्यांचे उत्पादन नासिक येथे सुरू झाले. अशा रीतीने, ज्या घाटात एंजिनाचे दोष उघड होत, त्याच्या माथ्यावरच एंजिने तयार होऊ लागली. दुरुस्तीच्या दुकानात दोरी कापून बसविणाऱ्या पिढीच्या हयातीतच, मोजमाप करून यंत्राने दाबून बसविलेल्या अखंड कड्यांचा काळ आला.

अखंड रोधक व तो बदलण्याची रीत : आधुनिक एंजिनांत रोधक हे एकसंध कडे असते व ते ठोकळ्याच्या मागील बाजूस किंवा तेथे बोल्टांनी जखडलेल्या स्वतंत्र चकतीत दाबून बसविलेले असते. त्यात जोड नसल्याने गळतीचे एक मोठे कारण नाहीसे झाले. उलटपक्षी, ते दंडाच्या टोकावरूनच आत घालावे लागत असल्याने प्रचक्र काढल्याशिवाय बदलता येत नाही. जुन्या पद्धतीत काम एंजिनाच्या खालून होई, ते आता मागून करावे लागते.

कामास हात घालण्यापूर्वी गळती कोठून होते, हे निश्चित करणे आवश्यक असते. क्लचघराच्या तळाशी दिसणारे तेल वरच्या झडप-आवरणातून, तेलमार्गाच्या मागील बुचातून किंवा दंतचक्रपेटीच्या पुढील रोधकातूनही आलेले असू शकते. दंतचक्रपेटीचे तेल दाट असते व त्यास गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते ओळखता येते. एंजिन धुऊन, कोरडे करून व संशयित जागी पांढरी भुकटी टाकून काही काळ चालविल्यास तेलाची वाट स्पष्ट दिसते. एंजिनाची उच्छ्वास-नळी तुंबलेली असल्यास किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या असल्यास पेटीतील दाब वाढून तेल रोधकातून बाहेर ढकलले जाते. मागील मुख्य धारवा झिजल्यास दंड डगमगतो व कोणताही ओठ त्याचा पाठलाग करू शकत नाही. हे मूळ दोष तसेच ठेवून केवळ कडे बदलल्यास थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू होते.

प्रत्यक्ष कामात विद्युत् घटमालेची जोडणी सोडवून, प्रचालक दंड, दंतचक्रपेटी व क्लच क्रमाने उतरवितात. प्रचक्र काढण्यापूर्वी ते व दंड यांवर खूण करून ठेवतात. जुने कडे काढताना दंडाला पेचकसाचा ओरखडा लागणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी लागते. केसाएवढा ओरखडाही तेलाला वाट करून देतो. ओठ दीर्घकाळ एकाच जागी टेकल्याने दंडावर चर पडला असल्यास नवे कडे किंचित पुढे किंवा मागे बसवितात, अथवा दंडावर पातळ पोलादी वेष्टन चढवितात. रबरी ओठाला बसविण्यापूर्वी तेल लावतात. पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीनचा ओठ मात्र कोरडाच बसवावा लागतो व त्यानंतर काही तास एंजिन सुरू करावयाचे नसते. जुन्या सवयीने त्यालाही तेल लावल्यास तो दंडावर नीट बसत नाही. कडे सर्व बाजूंनी सारखे ठोकून सरळ बसवितात आणि प्रचक्राचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, ठरलेल्या परिपीडनाने आवळतात.

आरोग्य व पर्यावरण : वेणीच्या रोधकाची एक काळी बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. सुकलेली दोरी खरवडताना व क्लचघरातील धूळ हवेच्या झोताने उडविताना ॲस्बेस्टसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. क्लच व गतिरोधक यांच्या जुन्या अस्तरांतही हाच पदार्थ असे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात ॲस्बेस्टस कर्करोगकारक असल्याचे निश्चित केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. मोठ्या कारखान्यांत वैद्यकीय तपासणी व नोंदी यांची व्यवस्था करता येते. रस्त्याकडेच्या दुकानात, नोंदीशिवाय काम करणाऱ्या कारागिरास व त्याच्या हाताखालील मुलास असे संरक्षण क्वचितच मिळाले. या तंतूंमुळे होणारे विकार दोन-तीन दशकांनंतर प्रकट होत असल्याने त्यांचा संबंध पूर्वीच्या कामाशी जोडणेही कठीण जाते. जुन्या जीपगाड्यांची पुनर्बांधणी करणाऱ्यांनी म्हणूनच अशी दोरी व धूळ कोरडी न खरवडता ओली करून काढणे व मुखपट वापरणे इष्ट ठरते. गळलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात व तेथून नदीत जाते. गोदावरीच्या काठी वसलेल्या शहरास हा प्रश्नही उपेक्षणीय नाही.

मूल्यमापन : विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत भुजादंड नसतो, त्यामुळे हा विशिष्ट रोधकही तीत लागत नाही. तथापि डीझेलवर चालणाऱ्या मालमोटारी, ट्रॅक्टर व जीपगाड्या मोठ्या संख्येने वापरात असल्याने त्याची गरज संपलेली नाही. दोरीपासून अखंड कड्यापर्यंतच्या प्रवासात गळतीचे प्रमाण कमी झाले व रोधकाचे आयुष्य वाढले, हा निःसंशय लाभ होय. परंतु कारागिराचे महत्त्व त्यामुळे नाहीसे झाले नाही. त्याच्या कौशल्याचे स्थान तेवढे बदलले. पूर्वी त्याची परीक्षा दोरी कापण्यात होती, आता ती गळतीचे खरे कारण ओळखण्यात आहे. चुकीच्या निदानावर दंतचक्रपेटी उतरविली गेल्यास होणारा भुर्दंड गाडीच्या मालकावर पडतो व स्वस्त कडे महाग ठरते. यंत्राने कडे अचूक बनविता येते. तेल कोठून येते, हे मात्र अजूनही गाडीखाली वाकून पाहणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.